नव्या प्रकल्पाला दार कधी उघडावे: ओपन सोर्स समुदायांच्या प्रवेशनियमांचा आढावा

ओपन सोर्स समुदायापुढे नवा प्रकल्प येतो तेव्हा त्याच्याबरोबर कोड, परवाना, नाव आणि माणसे अशा चार गोष्टी येतात. त्यांपैकी कोड तपासायला सर्वांत सोपा, आणि निर्णयात त्याचे वजन बहुधा सर्वांत कमी. कोड चुकला तर दुरुस्त करता येतो. परवान्यात खोट निघाली तर मात्र सगळे वाटप थांबवावे लागते, आणि सांभाळणारी माणसे निघून गेली तर त्या प्रकल्पावर विसंबलेल्या अनोळखी लोकांची जबाबदारी समुदायाच्या अंगावर पडते. प्रकल्प स्वीकारणे म्हणजे समुदायाचे नाव, सर्व्हरवरची जागा, सुरक्षादोषांची दखल घेणारी यंत्रणा आणि स्वयंसेवकांचा वेळ पुढची अनेक वर्षे त्याला देण्याचे कबूल करणे. त्यामुळेच जुन्या समुदायांच्या नियमांत ‘हे चांगले आहे का’ या प्रश्नाला थोडी जागा मिळालेली दिसते आणि ‘हे कोण सांभाळणार’ या प्रश्नाला पुष्कळ.

परवान्याची तपासणी सर्वांत आधी होते, कारण तिथे मतभेदाला फारसा वाव नसतो. डेबियन हा लिनक्स वितरणाचा प्रकल्प १९९३ मध्ये सुरू झाला आणि १९९७ मध्ये त्याने मुक्त सॉफ्टवेअर कशाला म्हणावे याची मार्गदर्शक तत्त्वे मंजूर केली. डेबियनमध्ये नवे पॅकेज आणू पाहणारा आधी तसा इरादा जाहीर करतो. एकच काम दोघांनी करत बसू नये, हा त्यामागचा हेतू. तयार झालेले पॅकेज मग ‘न्यू’ नावाच्या रांगेत जाते आणि भांडार सांभाळणारी मंडळी त्यातल्या फाइलींचे परवाने आणि कॉपीराइट तपासतात. ही रांग लांबली की तक्रारी होतात, आणि त्या अगदीच चुकीच्या नसतात. पण डेबियनवरून पुढे उबुंटूसारखी कितीतरी वितरणे तयार होतात. इथे राहिलेली चूक त्या सगळ्यांत पसरते, म्हणून ही तपासणी चेंगट असणेच बरे.

परवान्याचा प्रश्न मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर रोज असतो, तो अक्षरांच्या रूपाने. श्रीलिपी हे भारतीय लिप्यांचे सॉफ्टवेअर विकणाऱ्या पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेक या कंपनीने घडवलेले लोहित फॉन्ट रेड हॅट या लिनक्स कंपनीने २००४ मध्ये जीपीएल या परवान्याखाली खुले केले. हा परवाना मुळात प्रोग्रामसाठी लिहिलेला. फॉन्ट एखाद्या दस्तऐवजात अंतर्भूत केला तर त्या दस्तऐवजालाही परवान्याच्या अटी लागू होतात का, असा प्रश्न निघतो आणि त्यासाठी वेगळे अपवाद जोडावे लागतात. २०११ मध्ये लोहित फॉन्ट खास फॉन्टांसाठी तयार केलेल्या सिल ओपन फॉन्ट लायसन्सखाली आणले गेले. फॉन्ट खुला असणे पुरेसे नव्हते; ज्या कामासाठी तो वापरायचा त्या कामाला साजेशा रीतीने खुला असणे गरजेचे होते.

माणसांचा प्रश्न सर्वांत नेटाने हाताळला तो अपाचे सॉफ्टवेअर फाउंडेशनने. १९९९ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेने २००२ मध्ये इन्क्युबेटर सुरू केला. बाहेरून येणाऱ्या प्रकल्पाला त्यातून जावे लागते. अर्जदाराने एक प्रस्ताव लिहायचा, संस्थेतल्या एखाद्या जाणकाराने त्याची बाजू मांडायची, काही मार्गदर्शकांनी सोबत करण्याचे मान्य करायचे, आणि मग किमान ७२ तास चालणारे मतदान. प्रस्तावाच्या परंपरागत नमुन्यातला सर्वांत वाचनीय भाग म्हणजे ‘ज्ञात जोखमी’. प्रकल्प अनाथ होण्याची शक्यता किती? काम करणारे सगळे एकाच कंपनीतले आहेत का? ते केवळ पगारासाठी काम करत आहेत का? आणि शेवटी, अपाचे या नावाचा अर्जदाराला अवाजवी मोह तर नाही ना? अर्जदाराने स्वतःच्या उणिवा स्वतःच्या हाताने लिहून द्याव्यात, अशी ही रचना आहे. सरकारी अनुदानाच्या किंवा पुरस्काराच्या अर्जात असे रकाने आले तर किती अर्ज उरतील, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

इन्क्युबेटरमध्ये शिरणे त्या मानाने सोपे. बाहेर पडून पूर्ण दर्जाचा प्रकल्प होणे अवघड. त्यासाठी परवाने स्वच्छ असावे लागतात, नियमाप्रमाणे आवृत्त्या काढून दाखवाव्या लागतात, नवे सहकारी जोडले गेल्याचे दिसावे लागते आणि निर्णय उघडपणे होत असल्याचा पुरावा लागतो. कोणत्याही आवृत्तीला किमान तीन अधिकृत होकार हवेत. तीन हा आकडा लहान वाटतो, पण एका माणसाच्या आजारपणाने किंवा नोकरी बदलण्याने प्रकल्प बुडू नये, एवढी तजवीज त्यात होते.

तरीही नियम शहाणपणाची हमी देत नाहीत. ओपनऑफिस या कार्यालयीन कामाच्या सॉफ्टवेअरचे उदाहरण त्या दृष्टीने बोलके आहे. सप्टेंबर २०१० मध्ये त्याचे बरेच स्वयंसेवक वेगळे झाले आणि त्यांनी लिबरऑफिस सुरू केले. पुढे जून २०११ मध्ये मालकी असलेल्या ओरॅकल कंपनीने मूळ कोड आणि नाव अपाचेकडे दिले. अपाचेने ते स्वीकारले आणि ऑक्टोबर २०१२ मध्ये प्रकल्पाला पूर्ण दर्जाही दिला. कागदोपत्री सगळे रीतसर झाले. पण काम करणारी माणसे मोठ्या संख्येने दुसरीकडे गेली होती. २०१६ पर्यंत सुरक्षादुरुस्त्यांना इतका उशीर होऊ लागला की प्रकल्प बंद करण्याच्या शक्यतेवर त्याच्याच प्रमुखाने उघड चर्चा सुरू केली. आज लिनक्सची प्रमुख वितरणे लिबरऑफिस देतात. लिनक्सवर मराठीत पत्र टाइप करणाऱ्याच्या संगणकावर बहुधा तेच असते. प्रसिद्ध नाव आणि लाखो वापरकर्ते मिळत असताना ‘नको’ म्हणणे अवघड होते हे खरे, पण अर्जदाराला नावाचा मोह नको असे बजावणाऱ्या संस्थेला तोच मोह पडला नाही, असे म्हणवत नाही.

पायऱ्या पाडण्याची हीच कल्पना लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, वेगळ्या रूपात दिसते. २००८ मध्ये ग्रेग क्रोह-हार्टमन यांच्या पुढाकाराने कर्नलच्या कोडमध्ये ‘स्टेजिंग’ नावाचा विभाग झाला. दर्जाला न उतरलेले ड्रायव्हर तिथे ठेवायचे, प्रत्येकाबरोबर उरलेल्या कामाची यादी द्यायची, आणि काम पुढे सरकले नाही तर ड्रायव्हर काढून टाकायचा. हा शेवटचा भाग नुसता कागदावर राहिला नाही. अँड्रॉइडचे ड्रायव्हर या विभागात होते. त्यांच्यावर कोणी काम करत नाही असे दिसल्यावर २०१० मध्ये ते काढले गेले. मागे गूगल उभे आहे म्हणून सवलत मिळाली नाही. दोन वर्षांनी काम करणारे पुढे आले तेव्हा तेच ड्रायव्हर पुन्हा आत घेतले गेले.

२०१५ मध्ये स्थापन झालेल्या क्लाउड नेटिव्ह कम्प्युटिंग फाउंडेशनने सँडबॉक्स, इन्क्युबेटिंग आणि ग्रॅज्युएटेड अशा तीन पायऱ्या ठेवल्या. कुबरनेटिस २०१८ मध्ये सर्वांत वरच्या पायरीवर पोहोचलेला पहिला प्रकल्प. या संस्थेचे वेगळेपण असे की एकाच कामाचे दोन किंवा तीन स्पर्धक प्रकल्प असले तरी ती सगळ्यांना जागा देते. विजेता निवडणे हे आपले काम नाही, ते वापरणाऱ्यांनी ठरवावे, अशी तिची भूमिका आहे. डेबियनचा इरादा जाहीर करण्याचा नियम एकच काम दोनदा होऊ नये म्हणून आहे. इथे दोनदा झाले तरी चालते. दोन्ही भूमिका आपापल्या जागी ठीक आहेत, कारण डेबियनमध्ये सगळी पॅकेजे एकमेकांशी जुळवून एकत्र द्यावी लागतात आणि या फाउंडेशनला तशी सक्ती नाही. ओपनस्टॅक या क्लाउड-सॉफ्टवेअरच्या समुदायाने २०१४-१५ च्या सुमारास असेच दार मोठे केले होते. ‘मोठा तंबू’ असेच त्या धोरणाचे नाव. खुल्या पद्धतीने काम करणारा आणि ओपनस्टॅकच्या ध्येयाशी जुळणारा प्रकल्प आत घ्यायचा, असा निकष ठरला. प्रकल्पांची गर्दी झाली आणि ओपनस्टॅक म्हणजे नेमके काय, हे बाहेरच्यांना कळेनासे झाले. दार मोठे करायला हरकत नसते, पण आत आल्यावर कोण कुठल्या पायरीवर आहे हे दिसले पाहिजे.

मराठीभाषकांचा ओपन सोर्सशी सर्वांत जवळचा संबंध भाषेच्या मार्गाने येतो, आणि नवी भाषा जोडणे हाही समुदायाच्या दृष्टीने नवा प्रकल्पच. लिनक्सवरच्या ग्नोम या डेस्कटॉपमध्ये किमान ८० टक्के वाक्ये अनुवादित असली तरच ती भाषा समर्थित मानली जाते. मोझिलाच्या कॉमन व्हॉइस या आवाज-संग्रहात नव्या भाषेला प्रवेश देताना सुरुवातीच्या काळात वाचायला ५,००० वाक्ये जमवण्याची अट होती, आणि ती वाक्ये कॉपीराइटमुक्त हवी होती. अट साधी दिसते, पण भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे कॉपीराइट राहतो. म्हणजे मुक्त साहित्यातून वाक्ये घ्यायची तर जुन्या वळणाची ग्रांथिक भाषा हाती येते, आणि बोलती मराठी हवी तर वाक्ये नव्याने लिहावी लागतात. प्रवेशाचा नियम कशाचा संग्रह होणार हेही ठरवतो, तो असा.

या प्रकारातली सर्वांत सविस्तर पद्धत विकिपीडियामागच्या विकिमीडियाची आहे. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला तेव्हा नियम सैल होते. २००६ मध्ये भाषा समिती नेमली गेली आणि त्याच वर्षी विकिमीडियाचा स्वतःचा इन्क्युबेटरही सुरू झाला. तेव्हापासून नव्या भाषेला काही अटी पाळाव्या लागतात. भाषेला आयएसओ या मानक-संस्थेचा भाषा-संकेत असावा, ती आधीच विकिपीडिया असलेल्या भाषेहून पुरेशी वेगळी असावी, इन्क्युबेटरमधल्या चाचणी-विकीवर अनेक महिने अनेकांनी काम केलेले असावे, मीडियाविकी या सॉफ्टवेअरमधले नेहमी लागणारे संदेश अनुवादित व्हावेत, आणि शेवटी समितीबाहेरच्या एखाद्या तज्ज्ञाने मजकूर त्या भाषेतलाच असल्याची खात्री द्यावी.

सोलापूर ही या अटी पारखून पाहायला उत्तम जागा. गिरण्या, हातमाग आणि यंत्रमाग यांनी वाढलेल्या या शहरात मराठीबरोबर पद्मशाली विणकरांची तेलुगू, सीमाभागातली कन्नड आणि मुस्लिम वस्त्यांतली दखनी वळणाची उर्दू रोज कानावर पडते. जिल्ह्यातल्या तांड्यांवर बंजारा समाजाची गोरमाटी बोलली जाते. मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू यांचे विकिपीडिया आहेतच, त्यामुळे त्यांच्या बाबतीत प्रश्न उरत नाही. गोरमाटीचा विचार केला की नियमांची खरी परीक्षा होते. आयएसओच्या यादीत तिला लंबाडी या नावाने स्वतंत्र संकेत आहे. २०११ च्या जनगणनेत तिचे ३२ लाखांहून अधिक भाषक नोंदले गेले, पण ते हिंदी या शीर्षकाखाली. म्हणजे एका यादीत ती स्वतंत्र भाषा आणि दुसऱ्या यादीत हिंदीचा भाग. समिती आयएसओचा संकेत ग्राह्य धरते, तेव्हा पहिली अट पार पडते. अडचण पुढे आहे. महाराष्ट्रात गोरमाटी देवनागरीत लिहिली जाते, तेलंगणात तेलुगू लिपीत आणि कर्नाटकात कन्नड लिपीत. सोलापूर जिल्ह्यातला एखादा तरुण आणि पलीकडच्या विजयपुरा (विजापूर) जिल्ह्यातला त्याचा नातलग फोनवर सहज बोलतील, पण एकमेकांनी लिहिलेला लेख वाचू शकतीलच असे नाही. नियमांत लिपी एकच असावी असे म्हटलेले नाही, पण चाचणी-विकी महिनोन् महिने जागता ठेवण्यासाठी लागणारी माणसे तीन लिप्यांत विभागली जातात, आणि खरी अट ती माणसांचीच आहे.

दखनीची गत उलटी. तिलाही ‘डेक्कन’ या नावाने संकेत आहे आणि तिचा इतिहास गोरमाटीहून कितीतरी अधिक लिखित आहे. सोलापुरापासून शंभरेक किलोमीटरवरच्या विजापूरच्या आदिलशाही दरबारात तिच्यात साहित्य निर्माण झाले. पण आज दखनी बोलणारे लिहायची वेळ आली की बहुतेक उर्दूकडे वळतात. उर्दू विकिपीडिया असताना वेगळा कशाला, या प्रश्नाला इतिहास दाखवून उत्तर देता येत नाही, आजचे लिहिणारे दाखवावे लागतात. विदर्भातल्या वऱ्हाडी-नागपुरीलाही आयएसओचा वेगळा संकेत आहे, हे पुष्कळ मराठी वाचकांना ठाऊक नसेल. संकेत आहे म्हणून वऱ्हाडी विकिपीडिया काढावा असे कोणी म्हटले, तर वाद भाषाशास्त्राचा कमी आणि अस्मितेचा जास्त होईल. पुरेसे वेगळेपण ही दुसरी अट अशा वादांसाठीच आहे, आणि ती मुद्दाम थोडी मोघम ठेवलेली दिसते.

कोकणीने हा रस्ता पूर्ण चालून दाखवला. इन्क्युबेटरमध्ये २००६ पासून असलेला तिचा चाचणी-विकी २०१५ मध्ये स्वतंत्र विकिपीडिया झाला. आयएसओच्या मांडणीत कोकणी ही एक स्थूलभाषा असून तिच्याखाली गोव्याची कोकणी वेगळी आहे. विकिपीडियाला पत्ता मिळाला तो या गोव्याच्या कोकणीच्या संकेताचा. देवनागरी की रोमी, हा गोव्यातला जुना वाद तिथे मिटला नाही, पण एकाच विकीवर दोन्ही लिप्यांतले लेख राहू लागले. नऊ वर्षे हा काळ लांब आहे, आणि काही उत्साही माणसे त्यात गळली असणार. तरी घाईने दार उघडण्याची किंमत काय असते ते स्कॉट्स विकिपीडियाने दाखवले आहे. २०२० मध्ये असे उघड झाले की तिथले हजारो लेख स्कॉट्स न येणाऱ्या एका अमेरिकी तरुणाने, इंग्रजी शब्दांची रूपे बदलून लिहिले होते. तो विकी समितीच्या आधीचा, त्यामुळे बाहेरच्या तज्ज्ञाची पायरी त्याला कधी लागलीच नव्हती.

आत घ्यायचे की शेजारी जागा द्यायची, हा प्रश्न प्रवेशाच्या चर्चेत अनेकदा राहून जातो. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचे ईआरपीनेक्स्ट हे व्यवसाय-व्यवस्थापनाचे ओपन सोर्स सॉफ्टवेअर आहे. हिशेब, साठा आणि उत्पादन यांच्याबरोबर त्यात कर्मचारी-व्यवस्थापन, रुग्णालय, शिक्षणसंस्था, शेती असे विभागही आले. प्रत्येक विभागाला गिऱ्हाईक होते, त्यामुळे प्रत्येक ‘हो’ त्या वेळी रास्त वाटला असणार. पण सोलापुरात चादरींचा साठा मोजणाऱ्या कारखान्याला रुग्णालयाच्या खाटांशी काही देणेघेणे नसते, आणि रुग्णालयाचा कोड मोडला की आवृत्ती मात्र सगळ्यांचीच अडते. २०२२ च्या चौदाव्या आवृत्तीपर्यंत हे जादा विभाग वेगवेगळ्या ॲपमध्ये हलवले गेले. भारतातल्या जीएसटीची तरतूददेखील मुख्य कोडमधून काढून ‘इंडिया कम्प्लायन्स’ या स्वतंत्र ॲपमध्ये गेली, आणि ते ॲप सांभाळते दुसरी कंपनी. कर-नियम वारंवार बदलतात, लेखाव्यवहाराचा गाभा बदलत नाही. दोघांची गती वेगळी असल्यामुळे ही फारकत सर्वांत योग्य म्हणावी लागेल. पायथन या प्रोग्रामिंग भाषेने हाच धडा अधिक उशिरा गिरवला. त्याच्या प्रमाण ग्रंथालयात पूर्वी घेतलेले १९ जुने विभाग २०२४ च्या ३.१३ या आवृत्तीतून काढले गेले. त्यांतल्या काहींना तर वर्षानुवर्षे कोणी वाली नव्हता.

महाविद्यालयांतून येणाऱ्या प्रकल्पांचा विचार स्वतंत्रपणे करायला हवा. सोलापूरचे वालचंद इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी १९८३ पासून अभियंते घडवत आहे, आणि अशा प्रत्येक महाविद्यालयात अंतिम वर्षाला प्रकल्प करावाच लागतो. त्यांतले काही खरोखर उपयोगी असतात. पण परीक्षेसाठी केलेला प्रकल्प तोंडी परीक्षेच्या दिवशी संपतो आणि ओपन सोर्स प्रकल्पाची जबाबदारी त्या दिवसापासून सुरू होते. मुले नोकरीसाठी पुण्याला किंवा हैदराबादला गेल्यावर दुरुस्त्या कोण करणार, याचे उत्तर मिळाल्याशिवाय असा प्रकल्प स्वीकारणे समुदायाला परवडत नाही. उलट, चालू प्रकल्पात नेमके आणि मोजके काम देणे दोघांच्याही फायद्याचे ठरते. आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाने हा मार्ग घेतला. तिथे विद्यार्थी एखाद्या पाठ्यपुस्तकातली सोडवलेली उदाहरणे सायलॅबसारख्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये लिहून देतात. पुस्तक आधी मंजूर करून घ्यायचे, मग कोड तपासून घ्यायचा. काम एका माणसाच्या आवाक्यातले आणि पूर्ण झाले की पूर्ण. तिथल्याच स्पोकन ट्युटोरियल या पाठमालेत पाठाची संहिता तज्ज्ञापुढे जाण्याआधी नवख्या माणसाकडून तपासली जाते. ज्याच्यासाठी पाठ आहे त्यालाच तो कळत नसेल तर तज्ज्ञाच्या पसंतीचा उपयोग काय, हा विचार त्यामागे आहे, आणि इतर समुदायांनी तो उचलला तर बिघडणार नाही.

प्रवेशाच्या नियमांइतकेच निरोपाचे नियम महत्त्वाचे, हे गेल्या काही वर्षांत जास्त ठळक झाले. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या संकुचन-साधनात दडवलेले चोरदार उघडकीस आले. ते साधन जवळजवळ प्रत्येक लिनक्स वितरणात होते आणि ते बरीच वर्षे एकच थकलेला माणूस सांभाळत होता. मदतीला आलेल्या अनोळखी सहकाऱ्याने दोनेक वर्षे चांगले काम करून विश्वास मिळवला आणि मग घात केला. वितरणांनी एक्सझेड स्वीकारले तेव्हा निर्णय बरोबरच होता. नंतर सांभाळणाऱ्यांची स्थिती बदलली आणि ती पुन्हा पाहण्याची कोणाची जबाबदारी नव्हती. डेबियनमध्ये सांभाळणारा नसलेल्या पॅकेजला अनाथ अशी नोंद मिळते आणि ती यादी कोणालाही पाहता येते. गंभीर दोष न सुटलेले पॅकेज पुढच्या आवृत्तीतून गळते. अपाचेने २००८ मध्ये ‘ॲटिक’ म्हणजे माळा हा विभाग उघडला. एखाद्या प्रकल्पाला आवृत्तीसाठी लागणारे तीन होकारही जमेनासे झाले की तो माळ्यावर जातो. तिथे कोड वाचता येतो, परवान्याप्रमाणे उचलून दुसरीकडे वाढवताही येतो, पण त्यात नवी भर पडत नाही आणि नवी आवृत्ती निघत नाही. परत यायचे असेल तर सांभाळायला तयार असलेल्यांनी संचालक मंडळापुढे किंवा पुन्हा इन्क्युबेटरकडे अर्ज करायचा असतो.